रशिदाबाई आणि समुद्रातली विहीर

रशिदा मुजावरबाईंनी मला आठवी ते दहावी भूगोल शिकवला. बाकीचे शिक्षक वर्गात पुस्तक घेऊन यायचे, या बाई कापडी पिशवीत दगड घेऊन यायच्या. पन्हाळ्याची सहल ठरली तेव्हा आमच्या डोक्यात तबक उद्यान आणि भेळ होती. बाईंनी घाटातच बस थांबवली, चाळीस पोरं खाली उतरवली आणि कापलेल्या डोंगराला आमचे हात लावायला लावले. खाली काळा दगड, वर तांबडा जांभा.

"हा तांबडा म्हणजे ह्या काळ्याचंच म्हातारपण," त्या म्हणाल्या. "खालचा साडेसहा कोटी वर्षांचा आहे. हात लावा, चावत नाही."

बाईंना स्वतःला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. बारावीनंतर पुण्याला प्रवेशही मिळालेला. वडील म्हणाले, मुलांबरोबर आठ-आठ दिवस डोंगरात राहायचं असलं शिक्षण आपल्यात नको. मग भूगोल घेऊन बी.ए., बी.एड., लग्न आणि बत्तीस वर्षं नोकरी. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही दुसरं काहीतरी सांगता सांगता.

मी पुढे राजारामपुरीत एका शेअर दलालाची छोटी शाखा घेतली. दोन कॉम्प्युटर, भिंतीवर टीव्ही, प्लॅस्टिकच्या सहा खुर्च्या. २०२१ साली बाई तिथं आल्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. यजमान दस्तगीरसाहेब सहकारी बँकेत कॅशियर होते, ते कोरोनाच्या आधीच गेले. त्यांच्या ट्रंकेत एका पंप कंपनीचे कागदी शेअर सापडले होते आणि ते डीमॅटमध्ये घालायचे होते. मी फॉर्म भरत होतो, तोवर बाई टीव्ही बघत होत्या.

"पृथ्वीराज, ते खाली काय पळतंय?"

खालच्या पट्टीवर बातमी पळत होती. सिंधुगर्भ एक्सप्लोरेशन नावाच्या छोट्या कंपनीनं कोकण किनाऱ्यापासून आत, समुद्रात, तेलासाठी सर्वेक्षण पूर्ण केलं होतं.

"कोकणात? तिथं खाली बसाल्ट आहे. त्याच्या खालचं त्यांना दिसलं कसं?"

"मला न्हाय माहीत, बाई. नऊ रुपयांचा शेअर हाय. लोक घेतात, इकतात."

"माहीत नसताना विकतोस?" बाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, आणि मी अडतिसाव्या वर्षी खाली बघितलं.

कंपनीचा साठ पानांचा अहवाल त्यांनी माझ्याकडून छापून घेतला. आठवड्यानं परत आल्या तेव्हा पानापानावर रंगीत पेन्सिलीच्या खुणा होत्या. समुद्राच्या तळाखाली आवाजाच्या लाटा सोडून घेतलेली चित्रं त्यात होती, काळ्या-पांढऱ्या वळ्या वळ्या. मला ती बिघडलेल्या टीव्हीसारखी दिसली. बाईंनी माझ्या टेबलावर ती पसरली आणि बोट फिरवत मला चार किलोमीटर खाली नेलं. हा बसाल्ट, ही त्याच्या खालची वाळू, हा चिखलाचा थर, आणि इथं बघ, हा घुमटासारखा उंचवटा. तेल असलं तर या घुमटात अडकलेलं असणार. बोलताना त्यांचा चष्मा नाकावर घसरत होता. इतक्या खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, शाळेतसुद्धा नाही.

"एक हजार घे," त्या म्हणाल्या.

"कशाला बाई? रिस्की असतंय हे."

"फी समज. एवढं सगळं दाखवलंय त्यांनी, ते फुकट कसं बघायचं?"

नऊ हजारांची ती पहिली ऑर्डर मीच टाकली.

शनिवारी बाजार बंद असतो. शनिवारी अकरा वाजता बाई यायला लागल्या आणि हळूहळू माझ्या ऑफिसात वर्ग भरायला लागला. उद्यमनगरातले दोघं-तिघं, एक औषध दुकानवाले, आणि सगळ्यात पुढच्या खुर्चीवर रुद्राप्पा.

रुद्राप्पा बाईंचे शेजारी. सुभाषनगरात एका भिंतीला लागून दोन घरं, बाईंचं स्वतःचं आणि ह्यांचं भाड्याचं, बावीस वर्षं. गडहिंग्लजकडचा माणूस, एसटीत कंडक्टर लागला आणि स्टँडावर कंट्रोलर म्हणून निवृत्त झाला. गाड्या पुकारून पुकारून आवाज एवढा मोठा झालेला की ते कानात बोलले तरी खालच्या झेरॉक्सवाल्याला ऐकू जायचं. बायको शांतादेवी बाईंना 'अक्का' म्हणायच्या. दोघींची ताटं भिंतीवरून इकडून तिकडं जायची. मूलबाळ नव्हतं. निवृत्तीचे पैसे बँकेत ठेवले होते, कळंब्याला एक खोली-किचनचा फ्लॅट बघून ठेवला होता. मरताना तरी मालकाच्या घरात मरायला नको, एवढीच त्यांची इच्छा, असं ते सगळ्यांना सांगायचे.

मी आणलेल्या फळ्यावर बाई आकृती काढायच्या. तेल म्हणजे जमिनीत तळं नसतं, स्पंजात पाणी मुरावं तसं ते वाळूच्या दगडात मुरलेलं असतं. ते आधी खाली कुठंतरी शिजावं लागतं, मग वर सरकावं लागतं, आणि वर झाकण नसेल तर उडून जातं. इतक्या सगळ्या गोष्टी जुळाव्या लागतात. म्हणून कंपनीनंच लिहिलंय, तेल लागायची शक्यता पाचात एक. हे 'पाचात एक' बाई प्रत्येक शनिवारी फळ्याच्या कोपऱ्यात लिहायच्या आणि खाली दोन रेघा मारायच्या.

"पाचात एक म्हंजे लई झालं की, बाई!" रुद्राप्पा ओरडायचे. "आमच्या एसटीचा टायम तरी कुठं पाचात दोनदा बरोबर असायचा?"

सगळे हसायचे. बाईसुद्धा.

शेअर नऊचा चौदा झाला, चौदाचा अठरा. रुद्राप्पांनी पहिल्यांदा पन्नास हजारांचे घेतले, मग दोन लाखांचे. एक दिवस ते फ्लॅटचे सगळे पैसे घेऊन आले. बाई तिथंच होत्या.

"एवढे नको, रुद्राप्पा. मी काय शिकवलं? पाचातल्या चार वेळा विहीर कोरडी निघते."

"तुमी किती घातलायसा?"

बाईंनी चष्मा पुसायला घेतला. त्यांनी ग्रॅच्युइटीतले निम्म्याहून जास्त घातलेले होते, ते मला ठाऊक होतं, आणि भिंतीपलीकडं राहणाऱ्या माणसालाही ठाऊक होतं.

"तुमी घालणार आन् आमी बघत बसायचं व्हय?" रुद्राप्पा म्हणाले, आणि चेकबुक काढलं. मी ऑर्डर टाकली. दलाली मला मिळाली. 'रुद्राप्पा, थांबा' असं मीही तेव्हा म्हणू शकलो असतो.

२०२३ च्या पावसाळ्यानंतर रिग आली. समुद्रात पाय रोवून उभी राहणारी, विहीर खणणारी लोखंडी माचीच ती. बाईंच्या मोबाईलवर जहाजांचा नकाशा दाखवणारं एक ॲप होतं. त्यात रिगचा ठिपका दिसायचा, कधी दोन-दोन दिवस दिसायचा नाही. तिला सिमेंट, पाणी, जेवण पोचवणारी बोट मात्र रत्नागिरीच्या बंदरात ये-जा करताना स्पष्ट दिसायची. बाई पहाटेची, फजरची नमाज झाली की आधी तो नकाशा उघडायच्या. बोट वेळेवर निघाली का, किती वेगानं गेली, परत येताना हलकी झाली का. मग मला फोन.

"पृथ्वीराज, आज बोटीनं दोन फेऱ्या केल्या. म्हणजे खाली पाईप टाकतायत."

हे एवढं फक्त आम्हीच करत होतो असं नाही. देशभरचे लोक त्या ठिपक्याकडं बघत होते. ठिपका थोडा हलला तर शेअर दोन रुपयांनी पडायचा, बोटीनं जादा फेरी मारली की तीन रुपयांनी चढायचा. टेलिग्रामवर कुणी लिहिलं, तेल लागलं म्हणे, मंत्रालयात पेढे वाटले. त्या दिवशी शेअर अडतीसला गेला. बाई चिडल्या. "अजून बसाल्टसुद्धा संपला नाही. ह्यांना पेढे कुठनं दिसले?" पण विकला नाही.

मिरजेला दवाखान्यात लॅब टेक्निशियन असलेली त्यांची मुलगी नाजिया, तिचा मला फोन आला. "दादा, अम्मीला सांगा ना. चौपट झालेत म्हणे पैसे. माझं ऐकत नाही ती." मी सांगितलं. निम्मे तरी विका म्हणालो.

"धडा निम्मा ठेवून वर्ग सोडायचा?" बाई म्हणाल्या. "तळापर्यंत जाऊ देत की त्यांना."

मला वाटतं, तोवर बाईंना पैशांचं खरोखरच काही नव्हतं. त्यांना त्या घुमटात काय आहे ते बघायचं होतं. पण शेअर त्यासाठी धरून ठेवायची गरज नव्हती, हे त्यांना कळत नव्हतं असंही म्हणता येत नाही. हातात शेअर असला की आपणही त्या रिगवर आहोत असं त्यांना वाटायचं, एवढंच मी समजलो.

डिसेंबरात सगळ्यांच्या हट्टानं रत्नागिरीला जायचं ठरलं. भाड्याची ट्रॅव्हलर, डबे, शांतादेवींनी केलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. शाहूवाडी मागं पडली, आंबा घाट उतरलो. दुपारी समुद्रावर पोचलो. सगळे किनाऱ्यावर ओळीनं उभे राहिले आणि पश्चिमेकडं बघत राहिले. नुसतं पाणी. एक माणूस होडीच्या सावलीत जाळं दुरुस्त करत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, रिग इथून नव्वद किलोमीटर आत आहे, दुर्बिणीतूनही दिसायची नाही. आणि तिच्यामुळं तिकडं मासेमारीला जाऊ देत नाहीत, ती कधी जाणार ते तुम्हाला माहीत असेल तर सांगा.

शांतादेवी पायाशी पाणी आलं की लुगडं धरून मागं सरायच्या. रुद्राप्पा बाईंच्या जवळ गेले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक ऐकला मी.

"बाई, इकू काय? फ्लॅट घेऊन वर चार पैसं उरत्यात. ही बी म्हणती इका म्हणून."

बाईंनी समुद्रावरून नजर काढली नाही. "अजून तळ गाठला नाही, रुद्राप्पा. पंधरा दिवस. मग काय ते कळेल."

"मग थांबतो की," रुद्राप्पा म्हणाले.

एवढंच झालं. मी दोन पावलांवर उभा होतो.

जानेवारीत शेअर शेहेचाळीस झाला. नंतरच्या एका मंगळवारी पहाटे सव्वासहाला फोन वाजला.

"रिग हलली," बाई म्हणाल्या.

मी झोपेत होतो. "किती?"

"ओढून नेतायत. दोन टग बोटी लावल्यात. चार नॉटच्या वेगानं दक्षिणेला चाललीय. साठ दिवसांचं काम होतं, एक्केचाळीस झालेत. तेल लागलं असतं तर तपासणीला महिनाभर थांबले असते." मग म्हणाल्या, "कोरडी आहे, पृथ्वीराज."

बाजार सव्वानऊला उघडतो. पावणेनऊला बाई ऑफिसात होत्या. घरातल्याच साडीवर, पायात घरातल्या सपाता. मी कुलूप काढत होतो तोवर त्या रुद्राप्पांना फोन लावत होत्या. रुद्राप्पा आदल्या दिवशी पुतण्याच्या साखरपुड्याला बिद्रीला गेले होते. फोन बंद. शांतादेवींचा वाजत होता, उचलत कुणी नव्हतं. रुद्राप्पांच्या आवाजाशिवाय त्यांच्या खात्यात मला ऑर्डर टाकता येत नव्हती. बोलणं रेकॉर्ड व्हावं लागतं.

नऊ चौदा झाले.

"बाई, तुमचे लावून ठेवतो. लगेच जातील. अजून फारसं कुणाला कळलेलं न्हाय."

"थांब. त्यांचा फोन येऊ दे."

"त्यांचा आला की त्यांचे विकू. तुमचे कशाला थांबवायचे?"

"मी त्याला थांबवलंय किनाऱ्यावर. आता त्याला मागं ठेवून मी आधी निघू? भिंतीपलीकडं राहतो तो." त्या परत नंबर दाबायला लागल्या. दोनदा चुकीचा लागला.

बाजार उघडला. त्रेचाळीसला सौदे होत होते. घेणारे होते, हजारोंनी होते. मी बाईंना तीनदा म्हणालो. तिसऱ्यांदा हात जोडले. बाई मान हलवत राहिल्या.

आता जे लिहितोय ते मी घरातसुद्धा सांगितलेलं नाही. सिंधुगर्भचे साडेतीन हजार शेअर माझेही होते. नऊ वाजून एकोणीस मिनिटांनी, टेबलाखाली मोबाईल धरून, मी ते सगळे विकले. बाई समोर बसल्या होत्या. बातमी त्यांनी दिली होती. पहाटे नमाज करून, नकाशा बघून, हिशेब मांडून त्यांनी ती काढली होती आणि सगळ्यात आधी मला सांगितली होती. माझे शेअर कुणीतरी घेतलेच. कुठल्या गावचा असेल, कुणाच्या वर्गात शिकून घेतले असतील, मला माहीत नाही.

नऊ सदतीसला शेअर खालच्या मर्यादेला जाऊन अडकला. ह्याला आम्ही लोअर सर्किट म्हणतो. भाव एका दिवसात त्याच्या खाली जाऊ शकत नाही, म्हणून विकणाऱ्यांची रांग लागते आणि घेणारा एकही नसतो. स्क्रीनवर डाव्या बाजूला शून्य, उजव्या बाजूला अठ्ठावीस लाख शेअर. बघता बघता साठ लाख झाले.

नऊ बावन्नला रुद्राप्पांचा फोन आला.

"बोला की बाई! माझा फोन बंद पडलाय, हिचा पिशवीत ऱ्हायलता. काय म्हणतायसा एवढ्या सकाळी?"

मागं सनई वाजत होती, माणसं हसत होती. बाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीकडं तोंड केलं. मी सांगितलं. पलीकडं सनई वाजतच होती.

दुपारी दोन वाजता कंपनीचं पत्रक आलं. व्यापारीदृष्ट्या उपयोगी साठा आढळला नाही, विहीर बंद करण्यात आली आहे. दोन ओळी.

त्यानंतर एकोणीस दिवस शेअर रोज दहा टक्के पडून बाजार उघडताच अडकायचा. रुद्राप्पा रोज पावणेनऊला यायचे. मी दोघांचीही विक्रीची ऑर्डर लावायचो, बाईंची त्यांनी सांगितलेल्या क्रमानं, रुद्राप्पांच्या नंतर. पुढं लाखो शेअरांची रांग. साडेतीनला बाजार बंद होईपर्यंत रुद्राप्पा पुढच्या खुर्चीवर बसून असायचे. डबा आणायचे, उघडायचे नाहीत. तो मोठा आवाज गेला होता. एकदाच म्हणाले, "आमच्या गावाकडं हीर खणली तर निदान चिखल तरी लागतोय रं."

बाई यायच्या बंद झाल्या. भिंतीपलीकडचं बोलणंही बंद झालं होतं.

विसाव्या दिवशी, मी ऑर्डर लावायच्या आतच, सहा रुपये वीस पैशांना सर्किट उघडलं. घेणारे दिसायला लागले. मी रुद्राप्पांना म्हणालो, "विका. जे येतंय ते घ्या."

"बाईंनी इकलं काय?"

मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, मला आता काही विचारू नकोस.

"न्हाय विकलं," मी सांगितलं.

"मग मी बी न्हाय," रुद्राप्पा म्हणाले आणि उठून गेले. महिनाभर ज्या बाईंचं तोंड बघायला ते तयार नव्हते, त्यांच्याच मागं परत उभे राहिले. मी त्या दिवशी जबरदस्ती करायला हवी होती का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. सहा रुपयांत फ्लॅटचा दरवाजासुद्धा आला नसता.

फेब्रुवारीच्या शेवटी एका शनिवारी बाई एकट्याच आल्या. खुर्च्या रिकाम्या होत्या. विहिरीचा तांत्रिक अहवाल कंपनीनं वेबसाइटवर टाकला होता, त्याची छापील प्रत पिशवीत होती.

"वाळू सापडली त्यांना," बाई म्हणाल्या. "चांगली जाड आहे, म्हणाले होते तेवढीच. वरचं झाकणही घट्ट आहे. घुमट बरोबर. फक्त तेल तिथं आलंच नव्हतं. खाली शिजलंच नाही, तेवढी आच नव्हती. पातेलं आहे, झाकण आहे, चूल पेटलेली नाही."

त्यांनी पिशवीतून जुना अहवाल काढला, साठ पानी, पेन्सिलीच्या खुणांचा. बारावं पान उघडलं. तिथं लिहिलं होतं, मूळ थराला पुरेशी उष्णता मिळाली असेल की नाही, हा या विहिरीतला मुख्य धोका. वाक्याखाली लाल रेघ होती.

"माझीच रेघ आहे ही," बाई म्हणाल्या. "मी वाचलं होतं, पृथ्वीराज. कळलंही होतं. मुलांना मी काय सांगायचे, प्रश्न नीट वाचा. मी नीट वाचला होता."

मी चहा मागवतो म्हणालो. नको म्हणाल्या. दोन्ही अहवाल माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

रुद्राप्पांना भाड्याची खोलीही परवडेना, पेन्शन एसटीची, किती ते सगळ्यांना ठाऊक आहे. मे महिन्यात ते भावाकडं, गावाकडं जायला निघाले. जाण्याआधी खात्याला नॉमिनीचं नाव लावायला माझ्याकडं आले. फॉर्मवर सही करत होते तेव्हा मला राहवलं नाही. त्या मंगळवारी सकाळी काय झालं ते सांगितलं. बाईंना बावीस मिनिटं मिळाली होती, सगळं विकता आलं असतं, त्या तुमच्या फोनसाठी थांबल्या. माझं स्वतःचं तेवढं गाळलं.

रुद्राप्पांनी पेन खाली ठेवलं.

"आन् ह्यात चांगलं काय झालं सांग मला."

मी फॉर्मचे कागद जुळवायला लागलो.

"एक घर तरी उभं ऱ्हायलं असतं. आता दोन्ही गेली. त्यांनी इकायला पायजे हुतं." मग एकदम, तो जुना आवाज चढवून, "इकायला पायजे हुतं की त्यांनी! कुणी सांगितलं हुतं थांबायला?"

खालचा झेरॉक्सवाला जिन्यात येऊन बघून गेला. रुद्राप्पा डोळे पुसत जिना उतरले.

टेम्पो भरला त्या दिवशी मी सुभाषनगरात गेलो होतो. सामान फार नव्हतं. बाई दारात उभ्या होत्या. शांतादेवी एक स्टीलचं पातेलं घेऊन आल्या, बाईंचंच, कधीतरी ईदला शीरखुर्मा घालून दिलेलं. बावीस वर्षांत त्या घरातून या घरात भांडं कधी रिकामं आलं नव्हतं, चिमूटभर साखर तरी असायची. शांतादेवींनी ते दाराच्या पायरीवर ठेवलं. रिकामं होतं. "येतो, अक्का," एवढं म्हणाल्या. बाईंनी त्यांचा हात धरायला हात पुढं केला, पण तोवर त्या वळल्या होत्या. रुद्राप्पा ड्रायव्हरशेजारी बसून समोर बघत होते.

बाईंनी त्यानंतर पेन्शनमधून दर महिन्याला रुद्राप्पांच्या खात्यावर थोडे थोडे पैसे पाठवायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात ते जसेच्या तसे परत आले. दुसऱ्या महिन्यातही. तिसऱ्या महिन्यात रुद्राप्पांनी ते खातंच बंद केलं होतं. गडहिंग्लजच्या बसमध्ये बसून बाई एकदा गावापर्यंत जाऊन आल्या असं नाजियाकडून कळलं. भेट झाली का, हे बाईंनी तिलाही सांगितलं नाही. आल्या त्या दिवशी जेवल्या नाहीत, एवढं ती म्हणाली.

सिंधुगर्भनं तिमाहीचे आकडे सादर केले नाहीत म्हणून २०२५ मध्ये बाजारानं त्या शेअरचे व्यवहारच थांबवले. आता सहा रुपयांनाही नाही, सहा पैशांनाही नाही. खात्यात नुसता आकडा दिसतो.

माझ्या ऑफिसात नवीन माणसं येतात. परवाच एक पावणं आले, कागलकडचे, टीव्हीकडं बोट करून म्हणाले, "त्ये समुद्रातल्या तेलाचं काय हाय वो? बंगालच्या बाजूला म्हणं लई मोठं सापडायलंय." कंपनी दुसरी होती. मी म्हणालो, पाचात एक. ते म्हणाले, पाचात एक म्हणजे वाईट नाही. मी ऑर्डर टाकली.

गेल्या महिन्यात बाईंनी घरी बोलावलं. नाजिया त्यांना मिरजेला न्यायचं म्हणत होती, घर भाड्यानं देऊन. बाई वाळल्यात. शाळेनं भूगोल दिनाला बोलावलं होतं तर नाही म्हणून कळवलं, असं नाजियानं दार उघडताना मला हळूच सांगितलं आणि ती पाणी आणायला आत गेली. टेबलावर मोबाईल होता, जुनाच, पण नकाशाचं ॲप त्यात नव्हतं.

"ते खातं बंद करून टाक," बाई म्हणाल्या. "कुठं सही करू?"

"बंद नाही होणार, बाई. त्यात सिंधुगर्भ आहे. व्यवहार थांबलेले शेअर विकताही येत नाहीत, काढताही येत नाहीत. ते आहेत तोवर खातं चालू ठेवावं लागतं."

"आणि त्याचे दरवर्षी पैसे कापतात?"

"चारशेच्या आसपास. वर टॅक्स."

बाईंनी मान हलवली. माझं मोबाईलवरचं विकणं त्या क्षणी अगदी जिभेवर आलं होतं. नाजिया पाणी घेऊन बाहेर आली. आत कुकरची तिसरी शिट्टी झाली.

"बरं," बाई म्हणाल्या, आणि गॅस बंद करायला उठल्या.